अठरा इंच आणि महिला राखीव

२१ नोव्हेंबर

आजपासून रोजचं लिहून ठेवणार. गोवर्धन म्हणाला, "किशोरभाऊ, मोठ्या मानसानं लिहून ठेवलं पायजे. मांगून आत्मचरित्राले कामी येते." गोवर्धन माझा मित्र आहे, आणि सध्या त्याला दुसरं काम नसल्यामुळे माझा राजकीय सल्लागारही आहे.

सुरुवातच वाईट बातमीने करावी लागतेय. अकोला महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली. जुन्या शहरातल्या आमच्या प्रभागातली जी जागा मी कित्येक वर्षं मनात धरून होतो, जिच्यासाठी ओळख नसलेल्यांच्या मयतीला गेलो, ओळख असलेल्यांच्या बारशाला गेलो, ती महिलांसाठी राखीव झाली. दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी भाकरी-ठेचा पाहून राहवलं नाही, ते सोडा. पण दुपारी खरंच जेवलो नाही.

२३ नोव्हेंबर

गोवर्धनने मार्ग काढला. "वहिनीले उभं करा. नाव त्याईचं, काम तुमचं." इतकं सोपं होतं! सगळीकडे असंच चालतं. पाटीवर बाई, खुर्चीवर नवरा.

सीमा एका खाजगी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. मी सांगायला गेलो तेव्हा पेपर तपासत होती.

"सीमा, तुले निवडणुकीत उभं राहा लागते."

"मले?"

"नावापुरतं. सही कराची, हात जोडाचे. बाकी मी पाहून घेतो."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "राहते. पण मंग मी खरंच उभी राहीन."

मी म्हटलं, "फोटोत उभंच राहा लागते, बसून चांगलं दिसत नाही." तिने पुन्हा टोपण काढलं आणि पेपर तपासायला घेतले. बायकांना शब्दांचे खेळ आवडतात.

२८ नोव्हेंबर

केशवरावांना भेटलो. आमच्या पक्षाचं इथलं तिकीट त्यांच्या हातात. मला गेटपर्यंत सोडायला आले (ही साधी गोष्ट नाही), आणि माझी गाडी पाहून म्हणाले, "हे कोणाची? मिसेसची काय?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. वास्तविक गाडी कागदोपत्री सीमाच्याच नावावर आहे आणि हप्ते तिच्याच पगारातून गेले, पण हे त्यांना कसं कळलं? गोवर्धनने गाडीभोवती दोन चकरा मारून निदान केलं. "चाक लहान पडते भाऊ. हे शाळेत सोडाची गाडी वाटते. नेत्याच्या गाडीचं चाक मानसाच्या कमरेले लागलं पायजे."

अमरावतीत त्याच्या ओळखीच्या एकाकडे काळ्या अठरा इंची अलॉय रिमा आहेत. आपल्या आहेत सोळा इंची. म्हणजे एकदम दोन इंचांची बढती.

३ डिसेंबर

अमरावतीला जाऊन आलो. रिमा पाहिल्या. काळ्याभोर, मधे लाल रेघ. घेतल्या. मग त्यांच्यावर टायर चढवायला बडनेरा रोडवर गजेंद्रच्या दुकानात गेलो. माणूस चांगला, पण बोलतो फार. जुन्या टायरवरचा नंबर वाचून दाखवला: २१५/६०, सोळा.

"दोनशे पंधरा म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमंधी," तो म्हणाला. "साठ म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के टायरची उंची, रिमपासून जमिनीपर्यंत. सोळा म्हणजे रिम, इंचामंधी. आता तुमी रिम वाढवली, तर टायर बुटका घ्या लागते. पूर्ण चाक तेवढंच राहिलं पायजे. तुमाले दोनशे पंचवीस, पंचेचाळीस, अठरा बसन."

"पंचेचाळीस?"

"हाव."

"आता साठ आहे, अन् पंचेचाळीसवर येऊ? मी वर जाऊन राहिलो का खाली?"

"भाऊ, हे मार्क नाही. हे टक्केवारी आहे."

मार्क आणि टक्केवारी यात काय फरक असतो, ते हा मला सांगतो! मी ठाम राहिलो. अठराची रिम, आणि टायर त्याहून भरदार: २३५/६०. गजेंद्र म्हणाला, मडगार्डात घासेल. गोवर्धन म्हणाला, गाडीच वर उचला. शेवटी स्प्रिंगांखाली गुटके टाकून गाडी उचलायचं ठरलं. टायर मागवावे लागतील, अकरा तारखेला या म्हणाला. पावतीवर त्याने "ग्राहकाच्या आग्रहावरून" असं लिहिलं. आपला शब्द लोक नोंदवून ठेवायला लागले आहेत.

४ डिसेंबर

सीमाला सांगितलं. तिने विचारलेलं नव्हतं, पण घरात पारदर्शकता असावी. तिने कागद ओढला आणि गणित मांडलं. जुनं चाक साडेसहासष्ट सेंटीमीटर उंच. माझं होणारं चाक जवळजवळ चौऱ्याहत्तर. "शंभरात अकरानं मोठं," म्हणाली. "काटा चाकाचे फेरे मोजते. चाक मोठं झालं हे त्याले थोडीच माहीत? तो ऐंशी दाखवन तवा गाडी नव्वदच्या जवळ पळत असन. अन् वळवताना घासन ते वेगळंच. गजेंद्रभाऊनं सांगतलेला टायर घेतला तर सासष्टच येते."

मी म्हटलं, "तू गजेंद्रची वकील आहे का?"

"मी गणिताची मास्तरीण आहो."

कागद फ्रिजवर लावून ठेवला तिने. मी त्याच्यावर दूधवाल्याचा नंबर लिहिला.

११ डिसेंबर

ऐतिहासिक दिवस. अमरावतीत पक्षाच्या विभागातल्या सगळ्या उमेदवारांच्या मुलाखती होत्या, आणि टायरही आजच चढवायचे होते. एकाच फेरीत दोन कामं, याला नियोजन म्हणतात. सीमाला सांगितलं, मी गाडी घेऊन वेळेवर पोचतो, तोवर तू बाहेर थांब, काही बोलू नको. ती गजेंद्रच्या दुकानापासून ऑटोने पुढे गेली. सोबत तिच्या शाळेतल्या दीपमाला मॅडम होत्या. त्या मराठी शिकवतात, आणि आमच्याच प्रभागात राहतात.

गुटके बसवायला वेळ लागला. पण गाडी खाली उतरली तेव्हा गजेंद्रच्या दुकानातली सगळी माणसं हातातले पाने ठेवून बघायला आली. रणगाडा! मी चालकाच्या सीटवर चढलो (आता चढावंच लागतं) आणि मुलाखतीच्या जागी पोचलो, तर दोघी पायऱ्यांवर भुईमुगाच्या शेंगा खात बसलेल्या.

"झाली मुलाखत," सीमा म्हणाली.

"माझ्याशिवाय?"

"त्याईनं नाव पुकारलं, मी गेली. नवरा कुठी आहे म्हणे. म्हटलं, टायर बदलून राहिले."

"अन्?"

"हासले. मंग पाण्याबद्दल विचारलं, नाल्याईबद्दल विचारलं. मी सांगतलं."

संध्याकाळी केशवरावांचा फोन: तिकीट पक्कं. मी सीमाला समजावलं, मुलाखत हा उपचार असतो. मुलाखतीच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी आहे. मी शेवटचं वळण घेतलं तेव्हा त्यांनी गाडी पाहिली असणार. ती म्हणाली, "खिडकी मांगच्या बाजूले होती." असेल. मागूनही गाडी दमदारच दिसते.

१४ डिसेंबर

आज एक विलक्षण शोध लागला. आमच्या दारापासून अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत काट्यावर नेहमी पंच्याण्णव किलोमीटर भरायचे. आज पंच्याऐंशी भरले! परत येतानाही पंच्याऐंशी. महामार्ग सुधारला की अंतर कमी होतं, हे ऐकून होतो, पण दहा किलोमीटर! आपल्या पक्षाने केवढं काम केलंय आणि कुणी सांगतच नाही. गोवर्धन म्हणाला, हे पत्रकात टाकू.

डाव्या चाकातून वळताना खर्रर्र आवाज येतो. नवं आहे, रुळेल.

२७ डिसेंबर

कोपरा सभा. मी मुख्य भाषण केलं. सीमाने हात जोडायचं ठरलं होतं. "अमरावती आपल्यापासून दहा किलोमीटर जवळ आणून दाखवली!" म्हटलं, आणि टाळ्यांसाठी थांबलो. मागून एक म्हातारा ओरडला, "कोन सरकलं बाप्पा? आमरावती का अकोला?"

हशा झाला. विरोधकांनी पेरलेला माणूस. माझं पुढचं वाक्य हरवलं, तेवढ्यात सीमाने माईक घेतला. "आमरावती राहू द्या," म्हणाली. "तुमचा नळ कवा येते ते सांगा." मग जो तो आपापल्या नळाचंच सांगू लागला. एवढा विकासाचा मुद्दा नळावर घसरला. मी तिला घरी समज दिली. ती वहीत गल्लीगल्लीच्या पाण्याच्या वेळा उतरवत होती. ऐकलं की नाही कळलं नाही.

२ जानेवारी

लिहावं की नाही असं वाटत होतं. पण मोठ्या माणसाने अप्रियही लिहिलं पाहिजे.

आज मिरवणूक. मी गाडीत, सीमा माझ्या शेजारी, मागे ढोल, गाडीच्या टपावर भोंगा, माझ्या हातात माईक. कासारगल्लीच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि चाक मडगार्डात अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. माझ्या बाजूचं दार चार बोटं उघडायचं. सीमाच्या बाजूचं वीतभर जास्त उघडत होतं. तिने पदर खोचला आणि सुर्रकन बाहेर.

"तुमी सोडवा गाडी," म्हणाली. "आमी होतो पुढं."

आणि अख्खी मिरवणूक माझ्या गाडीला वळसा घालून निघून गेली. ढोलवालेसुद्धा. मी भाषण थांबवलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की समोर एक बकरी आणि गोवर्धन यांच्याशिवाय कुणी नाही. गोवर्धनही नंतर चहाला गेला. सीमाच्या दारातून माझं पोट निघेना, म्हणून शेवटी मागच्या सीटवरून बॅनरच्या गठ्ठ्यावर चढून डिक्कीतून उतरलो, पाय आधी. तेवढ्यात कुणीतरी व्हिडिओ काढला.

सीमा सायंकाळी घरी आली ती धुळीने माखलेली, आवाज बसलेला, आणि चेहऱ्यावर असं काही की लग्नाच्या अल्बममध्येही मला आठवत नाही. म्हणाली, घरोघरी चहा झाला. मी विचारलं, माझ्याबद्दल लोक काय म्हणत होते? "विचारत होते, निघाले का म्हून."

५ जानेवारी

व्हिडिओ बाळापूरपर्यंत पोचला. तिथून माझ्या साडूचा फोन: "भाऊ, तुमचा जन्म पाह्यला मोबाइलवर." हा विरोधकांचाच कट, यात आता शंका नाही. गोवर्धनला टायरची आतली बाजू पाहायला लावली, कुणी ब्लेड मारलं का. म्हणाला, आतून झिजल्यासारखं वाटते, धागे दिसून राहिले. म्हणजे कटच. रात्रीपुरती गाडीवर ताडपत्री टाकायचं ठरवलं.

सीमा आणि दीपमाला मॅडम रोज पायी फिरतात. बायकांशी ओट्यावर बसून गप्पा मारतात. असा कुठे प्रचार होतो? पण मी अडवत नाही. तेवढीच करमणूक.

एक गोष्ट कबूल करतो. काल पहिल्यांदाच कुणीतरी मला "सीमाताईचे मिस्टर" म्हणालं. मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

१२ जानेवारी

आज जे झालं तेवढंच लिहितो.

माय धाकट्या भावाकडे चांदूर बाजारला होती. तिचं मत अकोल्यात. तिला आणायला गेलो. स्टुलावर पाय देऊन गाडीत चढवलं. "हे गाडी आहे का माडी?" म्हणाली, आणि मागे बसली. मूर्तिजापूर मागे टाकलं. काट्यावर ऐंशी होते, मी हळूच चालवत होतो. समोरचं डावं चाक फुटलं. आवाज झाला, स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं झालं, गाडी रस्त्याकडेच्या कठड्याला घासत गेली आणि थांबली. मागे वळून पाहायची हिंमत होईना. मग मायचा आवाज आला, "किशोर, हाये का तू?"

तिचं मनगट मोडलं होतं. कपाळावर टेंगूळ. बाकी वाचलो. स्टेपनी सोळा इंचीच होती, जुनी. ती लावली, तर गाडी एका बाजूला कलली, आणि मी तशीच हळूहळू चालवत आलो. वाटेत माय एकदाच बोलली.

"मले सांग, मत सीमाले द्याचं आहे का गाडीले?"

"सीमाले."

"मंग मले एस.टी.नं आणलं असतं तरी चाललं असतं."

१३ जानेवारी

मायला प्लास्टर घातलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात सीमा माझ्याशी बोलली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

"मी तुमाले गणित मांडून देल्लं होतं," म्हणाली. "तुमी त्याच्यावर दूधवाल्याचा नंबर लिवला."

मी कटाबद्दल सांगायला गेलो. तिने हात वर केला, वर्गात करतात तसा. मी थांबलो.

"दोन महिने झाले. तुमी रोज विचारता, गाडी कशी दिसते. एक दिवस विचारलं नाही, सीमा, तुले भेव वाटते का."

समोर पार्किंगमध्ये गाडी दिसत होती. तीन मोठी चाकं, एक लहान, आणि कललेलं तोंड. मग विचारलंच. "वाटते का भेव?"

"वाटत होतं," ती म्हणाली. "आता नाही वाटत."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. का कुणास ठाऊक, वाटलं नाही. मायसाठी चहा आणायला गेलो आणि तिथेच उभा राहिलो थोडा वेळ.

दुपारी तिने गजेंद्रला फोन केला, त्याच्याकडून सगळं विचारून घेतलं आणि इथल्याच एका गॅरेजात गुटके काढायला लावले. जुनी चारही चाकं परत चढली. मी हजर होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

१६ जानेवारी

निवडून आलो!

म्हणजे सीमा आली. काल मायने प्लास्टरचा हात गळ्यात बांधून मत दिलं. आज मोजणीत पहिल्या फेरीपासून पुढे, आणि कासारगल्लीत तर विरोधकाला विचारलंच नाही कुणी. गोवर्धनचं विश्लेषण असं, की त्या व्हिडिओमुळे नाव घराघरांत पोचलं, म्हणजे विजयाचा पाया माझी गाडीच आहे. मलाही पटतं. केशवरावांनी हार घातला. सीमाला. मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्या हातात दुसरा हार दिला आणि म्हणाले, "धरा जरा, गळ्यात मावून नाही राहिले त्याईच्या."

दिवसभर हारच धरले. एकूण वजन बरंच होतं.

१८ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही माझ्याबाबतीत घडलं नाही.

आज पहिली सर्वसाधारण सभा. मी नवा पांढरा शर्ट घातला, सीमाला गाडीतून घेऊन गेलो आणि तिच्या मागोमाग आत निघालो. दारावरचा माणूस म्हणाला, "आत फक्त सदस्य." मी म्हटलं, मी सदस्यांचा पती आहे. तो म्हणाला, "पती तिकडे," आणि झाडाकडे बोट दाखवलं.

झाडाखाली खरंच सात-आठ पती होते. सगळे पांढऱ्या शर्टात, सगळे आपापल्या मोठ्या गाड्यांना टेकून. माझी गाडी त्यांत सगळ्यात बुटकी. एकाने नवीच गाडी घेतली होती आणि तिला अलॉय टाकायच्या विचारात होता. मला विचारलं, "तुमचा त्यातला अनुभव म्हणते लोक. व्हिडिओ पाह्यला आमी." मी त्याला रुंदी, टक्केवारी, रिम, सगळं समजावून सांगितलं. पूर्ण चाक तेवढंच राहिलं पाहिजे, हेही सांगितलं. तो म्हणाला, "पंचेचाळीस लहान नाही वाटत?" खूप काही सांगावंसं वाटलं. मग म्हटलं, तुमच्या मिसेसना विचारा. सगळे हसले. मला वाटतं त्यांना तो विनोद वाटला.

ऊन वाढलं. बाकीचे आपापल्या गाड्यांत एसी लावून बसले. मी पुन्हा दारापाशी गेलो, सभा किती चालेल ते विचारायला. आता दारावर दुसरा माणूस होता. म्हणाला, "तुमी कोन? सीमा मॅडमचे ड्रायव्हर काय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. जवळपास ओळखीचं कुणी नव्हतं.

"हाव," म्हटलं.

"मंग उन्हात काहून उभे? ड्रायव्हर लोकाईले अथी व्हरांड्यात बसता येते. चहा येऊनच राह्यला."

चहा चांगला होता, आलं घातलेला. आणि व्हरांड्याच्या खिडकीतून सभागृह दिसतं. सीमा उभी होती, नळाच्या पाण्यावर बोलत होती. कुणीतरी बाक वाजवत म्हणालं, "ताई, हे सारं तुमाले कोनं सांगतलं? घरच्या साहेबाईनं लिहून देल्लं काय?" ती म्हणाली, "बारा गल्ल्या पायी फिरली मी. तुमी एका गल्लीतली नळाची वेळ सांगून दाखवा, मी खाली बसते." कुणी सांगितली नाही. ती उभीच राहिली.

तिचं पूर्ण भाषण मी आज पहिल्यांदा ऐकलं. एरवी मी गाडीत असायचो. माझं नाव तिने एकदाही घेतलं नाही. गडबडीत राहिलं असेल. शेजारी बसलेल्या ड्रायव्हरने कोपराने ढोसून विचारलं, "तुमच्या मॅडम लय तिखट आहेत राजा. घरी कशा आहेत?"

"चांगल्या आहेत," मी म्हटलं. "वेळेच्या पक्क्या आहेत."

उद्या सकाळी नऊला पाण्याच्या टाकीची पाहणी आहे. मॅडम म्हणाल्या, साडेआठला गाडी दारात पाहिजे. आजच पुसून ठेवली.